ज्ञानव्रती सोफी जर्मेन

पितळेचे ताट हातातून निसटून फरशीवर पडले, की ते बराच वेळ झणझणत राहते. त्यावर हात ठेवला, की त्याची थरथर बोटांना जाणवते आणि दुसऱ्याच क्षणी आवाज बंद होतो. आवाज म्हणजे कंपन, ही गोष्ट मनुष्याला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. परंतु पातळ पत्रा नेमका कसा कंप पावतो, त्याचा कोणता भाग वरखाली हलतो आणि कोणता स्थिर राहतो, हे गणिताने आधीच सांगता येईल काय? सुमारे दोनशे वर्षांपूर्वी हा प्रश्न युरोपातील विद्वानांपुढे आला, तेव्हा मोठमोठे गणितज्ञही मागे सरले. तो प्रश्न हाती घेण्याचे धाडस केले ते एका स्त्रीने. कोणत्याही महाविद्यालयाचे दार तिच्यासाठी उघडे नव्हते. तिचे नाव सोफी जर्मेन.

सोफीचा जन्म १ एप्रिल १७७६ रोजी फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे झाला. तिचे वडील सधन व्यापारी होते. घरात कशाचीही उणीव नव्हती. वडिलांना वाचनाची आवड असल्यामुळे घरी ग्रंथांचा चांगला संग्रहही होता. सोफीला दोन बहिणी होत्या. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिन्ही मुलींनी घरकाम, शिवण आणि थोडेसे वाचन शिकावे व पुढे संसाराला लागावे, एवढीच घरच्यांची अपेक्षा होती.

सोफी तेरा वर्षांची झाली त्या वर्षी, म्हणजे १७८९ मध्ये, फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला. तिचे वडील लोकप्रतिनिधी म्हणून निवडून गेले होते. पॅरिसच्या रस्त्यांवर रोज दंगे होत. मुलींना घराबाहेर पडण्याची सोय राहिली नाही. अशा वेळी सोफीने वडिलांच्या ग्रंथसंग्रहाचा आश्रय घेतला. एके दिवशी गणिताच्या इतिहासाचे एक पुस्तक तिच्या हाती लागले. त्यात ग्रीक गणिती आर्किमिडीझ याच्या मृत्यूची हकिकत होती. इ. स. पूर्व २१२ मध्ये रोमन सैन्य सिराक्यूज नगरात घुसले. त्या वेळी आर्किमिडीझ एका आकृतीच्या विचारात इतका गढून गेला होता, की समोर उभ्या राहिलेल्या शिपायाकडेही त्याने लक्ष दिले नाही आणि त्या शिपायाने त्याला ठार केले, अशी ती कथा आहे. सोफीच्या मनावर तिचा खोल परिणाम झाला. ज्या विद्येपुढे मनुष्याला मृत्यूचेही भान राहत नाही, ती विद्या किती गोड असेल, असे तिला वाटले. तिने गणित शिकण्याचा निश्चय केला.

निश्चय करणे सोपे. तो पाळणे अवघड. शिकवणारा कोणी नव्हता. घरातील पुस्तके उघडून ती एकटीच अभ्यास करू लागली. न्यूटन आणि ऑयलर यांचे ग्रंथ लॅटिन भाषेत होते, म्हणून ती आपली आपण लॅटिन शिकली. आईवडिलांना मात्र मुलीचा हा नाद मुळीच पसंत पडला नाही. गणितासारखा रूक्ष विषय मुलींच्या प्रकृतीला झेपणार नाही, अशी त्या काळी समजूत होती. सोफी रात्री जागून अभ्यास करते हे पाहून त्यांनी तिच्या खोलीतील दिवे काढून घेतले, शेकोटी विझवली आणि गरम कपडेही उचलून नेले. हेतू हा, की थंडीने तरी ती अंथरुणात पडून राहील. परंतु सर्वत्र निजानीज झाली, की सोफी लपवून ठेवलेल्या मेणबत्त्या काढी, गोधड्या अंगाभोवती गुंडाळी आणि पुन्हा गणिते सोडवू लागे. एके दिवशी सकाळी आईवडील तिच्या खोलीत आले, तेव्हा ती टेबलावर डोके ठेवून झोपी गेली होती. दौतीतील शाई थंडीने गोठली होती आणि पाटी आकडेमोडीने भरली होती, असे सांगतात. अखेर आईवडिलांनी हार मानली. पुढे सोफीने लग्न केले नाही. तरीही वडिलांनी जन्मभर तिचा खर्च आनंदाने चालविला.

१७९४ मध्ये पॅरिसला एकोल पॉलितेक्निक ही नवी विद्यासंस्था निघाली. फ्रान्समधील उत्तमोत्तम गणितज्ञ तेथे शिकवीत. सोफी त्या वेळी अठरा वर्षांची होती; परंतु तेथे स्त्रियांना प्रवेश नव्हता. सोफीने एक युक्ती काढली. व्याख्यानांची टिपणे मिळवून ती घरी अभ्यास करू लागली. अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्यांनी आपले विचार लिहून प्राध्यापकांना द्यावेत, अशी तेथे प्रथा होती. सोफीनेही आपला निबंध लिहिला आणि त्याखाली लब्लाँ या विद्यार्थ्याचे नाव घालून तो विख्यात गणितज्ञ लाग्राँज याच्याकडे पाठविला. निबंध वाचून लाग्राँज चकित झाला. हा बुद्धिमान विद्यार्थी कोण, याचा त्याने शोध केला आणि तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला. लाग्राँज रागावला नाही. तो स्वतः सोफीच्या घरी गेला, त्याने तिचे कौतुक केले आणि तिला उत्तेजन दिले. तेव्हापासून पॅरिसच्या विद्वानांत सोफीचे नाव होऊ लागले.

याच सुमारास जर्मनीत गाउस नावाचा तरुण गणितज्ञ उदयास आला होता. संख्यांच्या गुणधर्मांवरील त्याचा महान ग्रंथ १८०१ मध्ये प्रसिद्ध झाला. सोफीने तो ग्रंथ पुनःपुन्हा वाचला आणि १८०४ मध्ये त्याला पत्र लिहून आपले काही शोध कळविले. आपण स्त्री आहोत हे कळल्यास आपल्या पत्राकडे लक्ष दिले जाणार नाही, अशी तिला भीती होती. म्हणून या पत्राखालीही तिने लब्लाँ हेच नाव घातले. गाउसने आदराने उत्तर दिले आणि दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला.

१८०६ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने जर्मनीवर स्वारी केली. गाउस राहत असलेले ब्राउन्श्वाइग हे नगर फ्रेंचांच्या हाती गेले. ही वार्ता ऐकताच सोफीला आर्किमिडीझची आठवण झाली. तोच प्रसंग गाउसवर ओढवला तर? फ्रेंच सैन्यातील पेर्नेती नावाचा सेनापती तिच्या घराण्याच्या परिचयाचा होता. गाउसला इजा होऊ देऊ नये, अशी तिने त्याला विनंती केली. सेनापतीने एका अधिकाऱ्याला मुद्दाम गाउसकडे पाठविले. अधिकाऱ्याने सोफी जर्मेन हे नाव सांगितले, तेव्हा गाउस बुचकळ्यात पडला. कारण या नावाच्या कोणाही बाईला तो ओळखत नव्हता. पुढे सोफीने पत्र लिहून लब्लाँ म्हणजे आपणच, हे कबूल केले. १८०७ मध्ये गाउसने तिला जे उत्तर धाडले, त्यात त्याने तिची मनापासून प्रशंसा केली. समाजाच्या रूढी स्त्रियांच्या वाटेत किती अडथळे उभे करतात हे तो जाणत होता. ते सारे ओलांडून जी स्त्री गणिताच्या गूढ भागात शिरते, तिच्या अंगी असामान्य धैर्य आणि बुद्धी असलीच पाहिजे, असा त्याचा अभिप्राय होता. या दोघांची प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही.

आता सोफीच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या कार्याकडे वळू. १८०८ च्या अखेरीस एर्न्स्ट क्लाडनी नावाचा जर्मन शास्त्रज्ञ पॅरिसला आला. त्याचा प्रयोग मोठा नवलाचा होता. धातूची किंवा काचेची एक पातळ पट्टिका तो मधोमध पक्की धरून ठेवी आणि तिच्यावर बारीक वाळू पसरी. मग सारंगीच्या गजासारखा गज तो पट्टिकेच्या कडेवर ओढी. पट्टिकेतून सूर निघे आणि त्याच वेळी वाळू नाचू लागे. पाहता पाहता वाळूचे कण ठराविक रेषांवर गोळा होत आणि पट्टिकेवर सुरेख रांगोळी उमटे. बोट दुसऱ्या ठिकाणी टेकवून गज ओढला, की सूर बदले आणि रांगोळीही बदले. सूर जितका उंच, तितकी रांगोळी अधिक गुंतागुंतीची.

यातील मर्म असे. पट्टिका कंप पावते तेव्हा तिचे सर्व भाग सारखे हलत नाहीत. काही भाग जोराने वरखाली होतात, तर काही रेषांवर हालचाल अगदी शून्य असते. हलणाऱ्या भागावरील वाळू उडते आणि सरकत सरकत स्थिर रेषांवर जाऊन विसावते. म्हणजे कंपनासारखी डोळ्यांना न दिसणारी गोष्ट क्लाडनीने वाळूच्या साहाय्याने दृश्य केली होती. नेपोलियनने हा प्रयोग स्वतः पाहिला आणि तो थक्क झाला. या आकृती अशाच का उमटतात, याचे गणिती विवेचन करणाऱ्यास पारितोषिक द्यावे, अशी त्याची इच्छा झाली. त्याप्रमाणे फ्रान्सच्या विज्ञान परिषदेने १८०९ मध्ये स्पर्धा जाहीर केली. पारितोषिक ३,००० फ्रँक किमतीच्या सुवर्णपदकाचे होते आणि मुदत दोन वर्षांची होती.

हा प्रश्न इतका अवघड का होता? सतारीची तार कशी कंप पावते, हे गणितज्ञांनी पूर्वीच शोधून काढले होते. लोखंडी सळई कशी वाकते व थरथरते, हेही ऑयलर आणि बर्नोली यांनी सांगितले होते. परंतु तार किंवा सळई एकाच दिशेने पसरलेली असते. पत्रा हा लांबीने आणि रुंदीने, दोन्ही बाजूंनी पसरलेला असतो. तो एकाच वेळी दोन्ही दिशांना वाकतो. बर्नोली घराण्यातील एका गणितज्ञाने पत्रा म्हणजे आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी आहे असे मानून पाहिले. पण त्याचे उत्तर क्लाडनीच्या प्रयोगाशी जुळले नाही. या प्रश्नाला पुरेल असे गणित अजून निर्माणच झालेले नाही, असे मत खुद्द लाग्राँजने दिले. ते ऐकून बहुतेकांनी हा नाद सोडून दिला. दोन वर्षांची मुदत १८११ मध्ये संपली, तेव्हा परिषदेकडे एकच निबंध आला होता. तो सोफी जर्मेनचा होता.

सोफीची मूळ कल्पना साधी आणि सखोल होती. उन्हात वाळत घातलेला पापड दोन दिशांनी वाकडा होतो, हे आपण पाहतो. एका दिशेने तो अधिक वाकलेला असतो, तर तिच्याशी काटकोनात असलेल्या दिशेने कमी. वाकण्याच्या या प्रमाणाला वक्रता म्हणतात. पत्रा वाकविला, की तो पुन्हा सपाट होण्यासाठी जोर लावतो. या गुणाला स्थितिस्थापकता म्हणतात. हा जोर त्या ठिकाणच्या दोन मुख्य वक्रतांच्या बेरजेवर अवलंबून असतो, असे सोफीने मानले. येथून पुढे गणित करीत गेले, म्हणजे पत्र्याच्या कंपनाचे समीकरण हाती यावयास हवे होते.

परंतु येथेच सोफीची वाट चुकली. ती स्वतःच स्वतःची गुरू होती. आकडेमोडीतील ज्या बारकाव्यांचा सराव विद्यार्थ्यांना शिक्षकांच्या नजरेखाली होतो, तो सराव तिला कधी मिळाला नव्हता. गृहीत बरोबर असूनही समीकरण काढताना तिच्या हातून चूक झाली. परीक्षक मंडळाने पारितोषिक दिले नाही. मात्र मंडळातील लाग्राँजने तिचे गृहीत घेऊन त्यावरून योग्य समीकरण काढून दाखविले. म्हणजे बीज सोफीचे होते; त्याला योग्य अंकुर फोडण्याचे काम लाग्राँजने केले.

परिषदेने मुदत आणखी दोन वर्षे वाढविली. सोफी पुन्हा कामाला लागली. या वेळी तिने समीकरणावरून निघणारी उत्तरे क्लाडनीच्या आकृतींशी ताडून पाहिली आणि काही प्रकारांत ती जुळली. १८१३ मध्ये तिचा दुसरा निबंध सादर झाला. समीकरण कसे सिद्ध होते, हे तिला अजूनही निर्दोषपणे दाखविता आले नव्हते. परीक्षकांनी निबंधाची सन्माननीय नोंद घेतली. पारितोषिक मात्र पुन्हा राखून ठेवले आणि मुदत १८१५ पर्यंत वाढविली. दरम्यान १८१४ मध्ये परिषदेचा सभासद पोआसाँ याने याच विषयावर स्वतःचा निबंध वाचला. स्पर्धा चालू असताना एका सभासदाने असे करावे, हे पुष्कळांना रुचले नाही. सोफीलाही ते जिव्हारी लागले. लाग्राँज तर १८१३ मध्येच निवर्तला होता. आता धीर देणारा तो ज्येष्ठ स्नेहीही उरला नव्हता.

दोनदा अपयश आल्यावर कोणीही मनुष्य खचून जाईल. सोफीने मात्र लेखणी खाली ठेवली नाही. सपाट पत्र्याबरोबर वक्र पृष्ठांचाही तिने अभ्यास केला, स्वतः प्रयोग केले आणि तिसरा निबंध लिहिला. ८ जानेवारी १८१६ रोजी परिषदेने तिला पारितोषिक जाहीर केले. या निबंधातही उणिवा होत्या आणि परीक्षकांनी त्या स्पष्ट सांगितल्या. तरीही हा मान तिचाच, असे त्यांनी ठरविले. फ्रान्सच्या विज्ञान परिषदेचे असे पारितोषिक मिळविणारी ती पहिली स्त्री होय. या असामान्य बाईला पाहण्याची लोकांना मोठी उत्सुकता होती. परंतु सोफी समारंभाला आलीच नाही. आपल्या कामाचे गुणदोष आपल्याशी मोकळेपणाने कोणी बोलत नाही, ही खंत तिच्या मनात होती. पुरुष गणितज्ञ एकमेकांना भेटत, वाद घालत, चुका दाखवीत. सोफीच्या वाट्याला पत्रे आणि औपचारिक स्तुती येई. गुणवंताला स्तुतीपेक्षा चूक दाखविणारा स्नेही अधिक हवा असतो; तो तिला फार थोडा लाभला.

१८२१ मध्ये सोफीने आपला हा सिद्धांत सुधारून स्वखर्चाने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पारितोषिक मिळूनही विज्ञान परिषदेच्या सभांना बसण्याचा हक्क तिला नव्हता. सभासदांच्या पत्नींखेरीज कोणत्याही स्त्रीला तेथे येण्यास मज्जाव होता. १८२२ मध्ये थोर गणितज्ञ फूरिए परिषदेचा चिटणीस झाला. तो सोफीचा स्नेही होता. त्याने खटपट करून तिला सभांना उपस्थित राहण्याची परवानगी मिळवून दिली. स्वतःच्या विद्वत्तेच्या बळावर त्या दालनात बसणारी सोफी ही पहिली स्त्री ठरली. त्या वेळी तिचे वय पंचेचाळीस वर्षांहून अधिक होते.

कंपनांच्या अभ्यासाबरोबर तिचे संख्यांवरील प्रेमही कायम होते. ३ चा वर्ग आणि ४ चा वर्ग यांची बेरीज ५ च्या वर्गाइतकी होते. परंतु दोन पूर्ण संख्यांच्या घनांची बेरीज तिसऱ्या संख्येच्या घनाइतकी कधीच होत नाही. चौथ्या, पाचव्या किंवा पुढच्या कोणत्याही घातालाही हे जमत नाही, असे फेर्मा या गणितज्ञाने सतराव्या शतकात म्हणून ठेवले होते. ते सिद्ध करणे भल्याभल्यांना साधले नव्हते. सोफीच्या आधीच्या गणितज्ञांनी एकेका घाताचा वेगळा विचार केला होता. सोफीने एका झपाट्यात पुष्कळ घातांना लागू पडेल असा मार्ग काढला. ज्या मूळ संख्येची दुप्पट करून त्यात १ मिळविला असता पुन्हा मूळ संख्याच मिळते, अशा संख्यांचा तिने उपयोग केला. ५ ही अशी संख्या आहे, कारण तिच्यापासून ११ मिळते. ११ ही अशी आहे, कारण तिच्यापासून २३ मिळते. अशा संख्यांना आज सोफी जर्मेन मूळ संख्या असेच म्हणतात. फेर्माच्या विधानाची संपूर्ण सिद्धता अँड्र्यू वाइल्स याने १९९४ मध्ये पूर्ण केली. परंतु त्या लांबच्या वाटेवर सोफीचे पाऊल ठळकपणे उमटले आहे.

१८२९ मध्ये सोफीला कर्करोगाने गाठले. त्या दुखण्यावर तेव्हा उपाय नव्हता. वेदना असह्य होत. तरी ती लिहीतच राहिली. १८३० मध्ये पॅरिसमध्ये पुन्हा क्रांतीच्या तोफा धडधडू लागल्या. तेरा वर्षांची असताना पहिल्या क्रांतीच्या गदारोळात ती गणिताकडे वळली होती. या दुसऱ्या क्रांतीच्या गदारोळातही ती गणितातच मग्न होती. पृष्ठांच्या वक्रतेवरील तिचा लेख १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी २७ जून रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, तिने देह ठेवला. गटिंगेन विद्यापीठाने सोफीला सन्माननीय पदवी द्यावी, अशी गाउसची इच्छा होती, असे म्हणतात. ती पदवी हाती पडण्यापूर्वीच सोफी गेली. मृत्यूच्या सरकारी नोंदीत तिचा उल्लेख गणितज्ञ म्हणून झाला नाही. मालमत्तेच्या उत्पन्नावर राहणारी बाई, एवढाच झाला.

सोफीच्या कार्याचे महत्त्व तिच्या हयातीत फार थोड्यांना कळले. ज्या वर्षी ती वारली, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये घडलेली एक दुर्घटना येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १२ एप्रिल १८३१ रोजी मँचेस्टरजवळच्या ब्रॉटन येथील झुलत्या पुलावरून सैनिकांची एक तुकडी पावलाशी पाऊल मिळवून चालली होती. पावलांच्या ठेक्याबरोबर पूल झुलू लागला. सैनिकांना गंमत वाटली आणि त्यांनी ठेका अधिकच धरला. झोके वाढत गेले आणि अखेर पूल एका बाजूने कोसळला. सुमारे चाळीस सैनिक नदीत पडले. सुदैवाने प्राण कोणाचा गेला नाही. तेव्हापासून पुलावरून जाताना सैनिकांनी पावलांचा ठेका मोडावा, असा दंडक पडला.

असे का होते? झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हलके धक्के दिले, तर झोका उंच उंच जातो. बेताल धक्के दिले, तर तो चढत नाही. प्रत्येक वस्तूला अशी स्वतःची लय असते. दर सेकंदाला तिची किती कंपने होतात, या संख्येला कंपनसंख्या म्हणतात. बाहेरून येणाऱ्या धक्क्यांची लय वस्तूच्या स्वतःच्या लयीशी जुळली, की कंपने वाढत जातात आणि भक्कम वस्तूही मोडू शकते. म्हणून यंत्र, पूल किंवा विमान बांधण्यापूर्वी त्याच्या कंपनसंख्या ठाऊक असणे आवश्यक असते. त्या वस्तूचा आकार, जाडी आणि धातू यांवर अवलंबून असतात. पत्र्याची जाडी दुप्पट केली, तर त्याची कंपनसंख्या दुप्पट होते. जाडी तीच ठेवून लांबी व रुंदी दुप्पट केली, तर ती चौथाईवर येते. असे हिशेब ज्या समीकरणाने करता येतात, त्याचे मूळ सोफीच्या कल्पनेत आहे.

तिच्यामागून इतरांनी हे काम पुढे नेले. पत्र्याच्या कडांपाशी काय घडते, हा तिच्या सिद्धांतातील अपुरा भाग जर्मन शास्त्रज्ञ किर्खोफ याने १८५० मध्ये पूर्ण केला. मोकळ्या कडांच्या चौरस पट्टिकेवरील क्लाडनीच्या आकृती गणिताने हुबेहूब काढून दाखविण्यास मात्र १९०९ साल उजाडावे लागले. ते काम वॉल्टर रिट्झ या तरुण स्विस शास्त्रज्ञाने केले. म्हणजे सोफीने एकटीने ज्या प्रश्नावर घाव घातला, तो पुरता सुटण्यास शंभर वर्षे लागली. यावरून तिच्या धाडसाची कल्पना येते.

पुढे विमाने आली. विमानाचे पंख व अंग पातळ पत्र्यांचे असते आणि इंजिनाचे हादरे व वाऱ्याचे झोत त्यावर सतत आदळत असतात. आजचे अभियंते नव्या विमानाचे गणिती प्रतिरूप संगणकावर तयार करतात. साऱ्या सांगाड्याचे ते हजारो लहान लहान तुकडे कल्पितात, प्रत्येक तुकडा किती वाकेल याचे समीकरण मांडतात आणि सर्व समीकरणे एकत्र सोडवून विमानाच्या कंपनसंख्या काढतात. पुढे खरे विमान तयार झाले, की ते मऊ आधारांवर उभे करून यंत्रांनी हलवितात, ठिकठिकाणी बसविलेल्या उपकरणांनी कंपने मोजतात आणि संगणकाच्या उत्तराशी ताडून पाहतात. दोन्ही जुळली, तरच प्रतिरूपावर विश्वास ठेवतात. अंतराळात जाणाऱ्या उपग्रहांनाही उड्डाणापूर्वी हादरे देऊन पारखले जाते; आपल्या देशात तयार होणारे उपग्रहही या परीक्षेतून जातात. आधी गणित मांडावे आणि मग प्रयोगाशी ताडून पाहावे, हीच रीत सोफीने वाळूच्या रांगोळ्यांपुढे बसून अनुसरली होती.

१८८९ मध्ये पॅरिसला आयफेल मनोरा उभा राहिला, तेव्हा त्यावर ७२ शास्त्रज्ञांची व अभियंत्यांची नावे कोरण्यात आली. त्यांत लाग्राँज, पोआसाँ आणि फूरिए यांची नावे होती. सोफी जर्मेनचे नाव नव्हते. परंतु काळ हा न्यायी असतो. आज पॅरिसमध्ये तिच्या नावाची शाळा आहे, रस्ता आहे. आणि ज्या परिषदेने एके काळी तिला सभेत बसण्याची अनुमती दिली नव्हती, तीच परिषद २००३ पासून गणितातील उत्तम कार्यासाठी सोफी जर्मेन पारितोषिक देत आहे.

सोफीला शिक्षक मिळाले नाहीत, वर्ग मिळाला नाही, पदवी मिळाली नाही. तिच्या हातून चुकाही झाल्या आणि त्या जगासमोर आल्या. तरीही तिने प्रश्न सोडला नाही. बिनचूक उत्तर देणाऱ्यांचे आपण कौतुक करतोच. परंतु ज्या वाटेने कोणीच जात नाही, त्या वाटेने जो पहिले पाऊल टाकतो, त्याचे ऋण मागून येणाऱ्या सर्वांवर असते. ज्ञानाच्या वाटेवर असे पहिले पाऊल टाकणाऱ्यांत सोफी जर्मेनचे स्थान अढळ आहे.